हायड्राला फुटलेली कळी

बाई, आज लोणावळ्याच्या शाळेत दहावीला प्रजननाचा धडा शिकवला आणि दिवसभर तुम्ही डोळ्यांसमोरून हलला नाहीत. तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

टाकव्याच्या आपल्या शाळेत तुम्ही ओढ्याच्या डोहातलं शेवाळ बरणीत भरून आणलं होतंत. त्याला चिकटलेला, दोऱ्याच्या तुकड्याएवढा जीव, हायड्रा. एकेकाला सूक्ष्मदर्शकाशी बोलावत होतात. माझा नंबर आला आणि दारात माझे वडील, आबा, उभे. भाताची लावणी टाकून आलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बाई पोरींना पोरं कशी होतात ते शिकवतात, असं पारावर कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. "चल घरी. लय झाली शाळा," म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं. थोरल्या ताईची शाळा अशीच एका दुपारी बंद झाली होती. आज गेले की परत येणं नाही, हे मला कळतंय.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "न्या तिला, भाऊ. पण मी काय शिकवते ते आधी बघून जा."

आबा सूक्ष्मदर्शकावर वाकतात. मनगट सोडत नाहीत.

"ह्याच्या अंगाला काय फुटलंय?"

"पिल्लू आहे त्याचं. झाडाला कळी येते तसं येतं."

"आन् नर कुटंय?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मनगटावरची पकड आवळली.

"खायला भरपूर असलं की ह्याला नर लागत नाही. पिल्लू अंगावरच वाढतं. त्याचं त्याला तोंड फुटलं, की सुटतं."

"सुटल्यावर आईचं काय व्हतं?"

"काही नाही, भाऊ. ती जगते आपली."

आबांनी मला घरी नेलंच. संध्याकाळी चुलीपाशी आईनं भीत भीत विचारलं, तेव्हा म्हणाले, "मला काय समदं कळलं न्हाई. पन वंगाळ न्हवतं." सकाळी त्यांनी सायकल काढली, मला शाळेच्या फाटकाशी सोडलं आणि लावणीला गेले.

त्या कळीनंच मला जीवशास्त्राकडे ओढलं, असं मी मुलांना दरवर्षी सांगते. तुम्ही होतात तोवर बोलले नाही, आणि हा कागदही कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी ती कळी पाहिलीच नाही, बाई. सगळा वेळ आबांच्या तोंडाकडे बघत होते.