चित्र लोण्यासारखं

४ मार्च, पहाटे ४.५०
संकल्प: खाणीवरच्या या खेपेचे चौदा दिवस मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, बंद. रोज व्यायाम. जूनपर्यंत पर्थच्या हेड ऑफिसात खुर्ची.
खाणीतल्या जुन्या कॅमेऱ्यांना आज एन्कोडर बसवतोय. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर चढवणारा डबा, एवढंच. पण इथे तो फक्त मला कळतो.

दुपारी
चित्र अडखळत होतं. बफर, म्हणजे चित्र आधी साठवून मग दाखवायची मुदत, शेवटपर्यंत वाढवला. आता चार सेकंद उशिरा येतं, पण लोण्यासारखं. खाणीचे मॅनेजर स्ट्रॅकन साहेब म्हणाले, "मर्व्ह, सिनेमाच की रे हा!" चार सेकंदांचं बोललो नाही. त्यांनी विचारलंच नाही.

५ मार्च
पाय एकच खाल्ला. व्यायामाला ऊन फार.
डेनिस पॅस्कोची तक्रार. ही केबिनमध्ये बसून, कॅमेऱ्यात बघून, क्रशरच्या तोंडात अडकलेले दगड यांत्रिक हाताने फोडते. म्हणते, ट्रक रिकामा झाल्याचा धडाका आधी ऐकू येतो, दगड मागाहून दिसतात. कान डोळ्यांच्या पुढे धावतात! वय एकोणसाठ. नोंद केली.

८ मार्च
डेनिसने यांत्रिक हात क्रशरच्या काठावर आपटला. सहा तास काम बंद. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "सव्वीस वर्षं दगड फोडतेय, बाबा. तुझं चित्रच शिळं आहे. एकदा बस की माझ्या जागी!" मी नियम दाखवला: परवान्याशिवाय केबिनमध्ये प्रवेश नाही. परवाना मीच देतो.
अहवाल दिला. 'ऑपरेटरच्या हालचाली मंद. वयाचा परिणाम. तात्काळ हटवावे.' वय दोनदा लिहिलं. बफरचंही लिहिलं असतं, पण अहवाल एका पानात बसवायचा असतो.

११ मार्च
डेनिसला गुरुवारच्या विमानाने घरी पाठवलं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय म्हणे. जेवताना कोणीतरी माझ्याकडे बघून मोठ्याने बोललं. वाईट वाटलं. पाय दोन खाल्ले.
तिची उशी खुर्चीवरच राहिली. मऊ आहे. घेतली.

१३ मार्च
सोमवारी पर्थहून डायरेक्टर येणार आणि केबिनला ऑपरेटर नाही. साहेबांना म्हणालो, माझ्याकडे यांत्रिक हात चालवायचं २००९चं सर्टिफिकेट आहे. "नक्की ना?" त्यांनी दोनदा विचारलं. कौतुकच ते.

१५ मार्च
यंत्रात बिघाड होता. दांडा ढकलला, यांत्रिक हात हलेना. आणखी ढकलला. हलेना. पूर्ण ढकलला. मग पडद्यावर सगळं एकदमच झालं. हात तुटून क्रशरमध्ये. मागे उभ्या डायरेक्टर मंडळींनी वह्या उघडल्या. वायरलेसवर सामोआचा फिटर तविता ओरडला, "मर्व्ह, अरे दगड फोडायचे होते, हात नाही!" अख्खी खाण हसली.
नजर तपासून घ्यावी.

१६ मार्च
तविताने सेटिंग उघडून बफर शून्यावर आणला. मिनिटही लागलं नाही. चित्र मात्र आता जरा अडखळतं. हे मी साहेबांच्या लक्षात आणून दिलं.
त्यांनी माझ्यावरचा अहवाल हातात ठेवला. मजकूर माझाच. फक्त नाव बदललं होतं, आणि वय. दोन्ही ठिकाणी.

१८ मार्च, धावपट्टी
उतरणाऱ्यांत डेनिस, चढणाऱ्यांत मी. तिने हात पुढे केला. वाटलं, शेकहँड. मी पण केला.
"उशी," म्हणाली.
दिली. सॉरी म्हणालो, तोवर ती बसमध्ये चढली होती.