तांदळातलं नाव

कॉर्क, आयर्लंड

प्रिय आई,

फोन असताना पत्र कशाला, असं पाकीट फोडतानाच तुमच्या मनात येणार. फोनवर बाबा स्पीकर लावतात, मग शेजारची सेजलसुद्धा ऐकते, आणि मला जे बोलायचंय ते तुमच्या एकटीशी आहे. तुम्ही पेपर पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचता, तेव्हा सुनेचं एक पत्र काही जड जायचं नाही. चष्मा फ्रिजवर असेल, तिथेच बघा.

आम्ही मजेत आहोत. तुम्ही दिलेली कोकमाची सोलां अजून पुरवून वापरतेय. साईश त्याच्या कामावरच्या, गोदामातल्या लोकांना सोलकढी पाजून आला आणि आता ते आठवड्यातून एकदा मागतात. इथला पाव मऊ आहे, पण आपल्या पोदेराच्या भट्टीतल्या उंड्याची सर त्याला नाही. पाऊस रोजचाच, पण आपल्यासारखा कोसळत नाही. दारातल्या पाहुण्यासारखा आत यावं की नको करत घुटमळतो. कोरगावला तुमची मिरची वाळली का, ते कळवा.

आता माझ्या कामाचं. साईशच्या पोर्तुगीज पासपोर्टवर आम्हाला इथे राहायला मिळालं, पण मला रुग्णवाहिकेवर चढायला मिळेना, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डिचोलीला मी गाडीवर इतकी वर्षं काढली, खाणीच्या रस्त्यावरचे अपघात पाहिले, एक बाळंतपण तर साखळी गावाच्या पुलावर गाडी थांबवून केलं. पण इथल्या कौन्सिलने आपलं शिक्षण मान्य केल्याशिवाय इथे पॅरामेडिक म्हणवून घेता येत नाही. तोवर मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालत होते. काम वाईट नव्हतं, पण बाहेर सायरन वाजला की माझा हात थांबायचा.

आणि अडलं कुठे, तर नावात! डिप्लोमावर सिद्धी सगुण गावस. पासपोर्टवर आणि नोकरीच्या दाखल्यावर गौरवी साईश पालयेकर. कौन्सिलने अगदी नम्रपणे विचारलं, की शिकली ती एक आणि नोकरी केली ती दुसरी, मग अर्ज करणाऱ्या तुम्ही कोण? आडनाव बदलतं हे त्यांना कळतं. लग्नात बाईचं नावही बदलतं हे समजावताना मला घाम फुटला. पुरावा मागितला त्यांनी. आता पुरावा कुठला द्यायचा, आई? माझं नवं नाव भटजींनी साईशच्या हातून अंगठीने तांदळात लिहून घेतलं होतं आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी आपण पेज करून जेवलो!

एक आज सांगते. मला तेव्हा नाव बदलायचं नव्हतं. गाडीवर सगळे सिद्धी म्हणून हाक मारायचे, मला ते आवडायचं. पण गौरवी हे नाव तुम्ही इतक्या हौसेने शोधलं होतं, की मी हो म्हटलं. पुढे ते मला आवडायलाही लागलं, कारण ते तुमच्या तोंडून ऐकत होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण एका बाईत दोन नावं बरी नांदतात. नांदली नाहीत ती फक्त कागदावर.

मग तुम्ही आणि बाबा बसने म्हापशाला गेलात, सिद्धी आणि गौरवी एकच म्हणून नोटरीपुढे शपथेवर सांगायला. तिथला प्रकार बाबांनी मला हसत हसत सांगितला. नोटरीने तुमचं नाव विचारलं आणि तुम्ही बेधडक सांगितलंत, देवकी. त्याने तेच टाईप केलं, तुम्ही तीच सही केलीत, आणि आधारकार्ड काढलं तर त्यावर पद्मावती! साक्षीदारालाच साक्षीदार शोधायची पाळी. बाबा म्हणाले, माकाच क्षणभर कळेना, ही देवकी खंयची गो? सगळं पुन्हा टाईप करावं लागलं. मीही हसले. फोन ठेवला आणि मग मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, देवकी म्हणून कोण हाक मारायचं? तुम्ही म्हणालात, माहेराक माझी आवय. आणि मग म्हणालात, ती गेली, आता कोण मारतलो. लगेच तुम्हाला भाताला कढ आल्याचं आठवलं. इतकी वर्षं मी तुमच्या घरात वावरले, तुमच्या ताटात जेवले, आणि तुमचं जन्माचं नाव मला एका नोटरीमुळे कळलं.

तर ऐका. तुमची शपथ कामाला आली. कौन्सिलने मान्यता दिली. काही महिने दुसऱ्याच्या देखरेखीखाली गाडीवर काढले, तेही पार पडले. आता मी इथली पॅरामेडिक आहे. नोंदणीत एकच नाव ठेवा म्हणाले, तेव्हा मी माझं जन्माचं नाव सांगितलं. गणवेशावर सिद्धी लिहिलंय. तुम्ही रागावणार नाही हे मला म्हापशाच्या त्या सहीवरून कळलं.

पण पत्र त्यासाठी नाही. आई, मला दिवस गेलेत. पाचवा लागला, तब्येत छान आहे, गाडीवरून उतरवून मला सध्या ऑफिसात बसवलंय. इथे विचारलं तर मुलगा की मुलगी ते सांगतात, आणि साईशला कुठला धीर! मुलगी आहे. बाळंतपणाला तुम्ही यायचंच. बाबा भात लावायला शिकतील. बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात तुम्हीच नाव सांगायचं, देवकी. मग घरात दिवसातून शंभरदा त्या नावाची हाक होईल आणि तुम्ही हवं तेव्हा ओ द्या. आणि ती मोठी होऊन लग्नाला उभी राहील, तेव्हा तांदळाचं ताट कुणी मांडायचं नाही. मी तेव्हा नसले तरी, हे आजीनेच सांगून ठेवलंय, असं तिने सगळ्यांना सांगावं.

तुमच्यासाठी मात्र घरात मी तीच,
तुमचीच,
गौरवी