नळीवरचा पिवळा स्टिकर

परंदवडी, मंगळवार संध्याकाळ

तो पिवळा स्टिकर डोक्यातून जात नाही. मराठे आणि मुसलमान यांची आनुवंशिकता वेगळी असते हे दाखवायला आमच्या प्रोफेसर सरांनी काढलेला हा अभ्यास मला आता खराच वाटेना. आज गावात लाळेचे नमुने घेतले. नळीवर आधी समाजाचा स्टिकर लावायचा, मराठ्यांना पिवळा, मुसलमानांना निळा. ओट्यावर दोघी शेजारणी बसल्या होत्या. मी शहाणी, काही न विचारता नुसत्या तोंडाकडे बघून स्टिकर लावले.

लाळ देऊन झाल्यावर त्यातल्या एक मावशी आपल्या नळीकडे बघत म्हणाल्या, "पिवळा कुणाचा गं?"

"मराठ्यांचा."

"मग हिला लाव. मी शेखांची हाय."

गुपचूप अदलाबदल केली. पण येताना गाडीत सरांना विचारलंच, स्टिकर चुकला तर लाळेवरून कळेल ना?

सर म्हणाले, "लाळेवरून कसं कळणार? म्हणून तर स्टिकर आधी लावायचा."