अडवायला कोणी नाही

रविवार, १२ नोव्हेंबर १९८९. जळगाव

माझ्या पुस्तकातलं राज्यपालांच्या अधिकारांवरचं प्रकरण आज पुरं झालं. सवयीने स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचलं. कुंदा सासरी भुसावळला जाईपर्यंत माझी एक ओळ सुटायची नाही. लसूण सोलता सोलता म्हणायची, "थांबा नाना. निवडून आलेलं सरकार घालवणाऱ्याला मग अडवणार कोण?" चिडायचो मी लेकीवर. पान फाडायचो, आणि पुन्हा लिहायचो.

आज शेवटपर्यंत कोणी अडवलं नाही. त्यामुळे प्रकरण चांगलं झालंय की वाईट, तेच कळेना. कॉलेजात कोणाला विचारू? सगळे नुसती मान डोलावतात.

शेवटी मीच मोठ्याने म्हणालो, "थांबा नाना." पुढचा प्रश्न काही सुचला नाही.