शेवटी तोडायची बाग

कार्काइशेंत, ९ मार्च १९८३

चि. फिनास अनेक आशीर्वाद.

संत्र्यांची तोड झाली की मी तुझ्याकडे कायमची येणार, हे ठरलेलंच आहे. फक्त तोड झालेली नाही. नोव्हेंबरात सोरियानो व्यापारी बाग नजरेनेच जोखून दादाच्या हातावर हात मारून सौदा पक्का करून गेला. तेव्हापासून फळ त्याचं, राखण आमची. शेजारच्या रोकेच्या संत्र्यांची साल मऊ पडायला लागली, तशी त्याची बाग नाताळाआधीच उरकली. आमच्या बातिस्तदादाने मात्र फळ हिरवं असतानाच साल मऊ पडू न देणारं जिबरेलिन फवारलेलं; साल अजून तरणीताठी. सोरियानो म्हणतो, बातिस्तची फळं काय, थांबतील. दादाला ते कौतुक वाटतं. त्याच फांद्यांवर आता नवी फुलं आलीत.

मीही थांबते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहेच. खोली कुणाला देऊ नकोस. आहे तो लोभ टिकव, त्याला फवारणी लागत नाही.

तुझी,
कोन्सोलताई

पेर्पिन्याँ, २१ मार्च

ती. कोन्सोलताईस सा. न. वि. वि.

वरची खोली नाताळापर्यंत अडवून धरते. मग घरमालकीण ती भाच्याला देणार. पावाच्या दुकानात मला नोकर नको, तू हवीस.

अगं, रोकेची फळं नाजूक म्हणून आधी सुटली. मीही तशीच. मी जेवण सोडलं म्हणून मला इकडे सरहद्दीपार पाठवलं; तू जेवलीस, वर माझं ताटही घासलंस. यंदा दादाला फवारू देऊ नकोस. साल मऊ पडली की सोरियानो धावत येईल.

रागावू नकोस, पण येच.

तुझी,
फिना

कार्काइशेंत, १८ डिसेंबर

चि. फिनास अनेक आशीर्वाद.

फवारू नकोस म्हटलं, तर दादा लगेच हो म्हणाला. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. पावसाने यंदा सौद्याआधीच सगळ्यांची साल मऊ पडली. सोरियानोने आमची दोन फळं दाबून पाहिली आणि दादाच्या हातावर न मारताच हात खिशात घातला. दादा म्हणतो, आता आपणच तोडायचं, निवडायचं, बाजारात बसून विकायचं. अशा वेळी कोन्सोल जाते कशी? मी म्हटलं, मग आत्ता फवार. तो म्हणाला, रंग चढल्यावर फवारून काय उपयोग? हे त्याला ऑक्टोबरातही ठाऊक होतं.

कोरडी जागा शोधताना त्याने माझी भरलेली ट्रंक रिकामी केली. कपडे नीट घडी घालून पलंगावर ठेवलेत, ट्रंकेत संत्री आहेत. तोड संपली की मोकळी करून देतो म्हणाला.

खोली त्या भाच्याला दे. माझ्यावरचा लोभ तेवढा देऊ नकोस.

तुझी,
ताई