मुकादमबाईंनी मशीन थांबवलं

प्रिय आई,

धाकटीचा तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. बाबांचा खोकला थांबला का? खरं काय ते कळव, झाकून ठेवू नकोस.

हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचं काम दिवसभर उभ्याने असतं. पाठ धरते, पण तू काळजी करू नकोस. शेजारच्या इस्त्रीच्या मशीनवर माझी उंच मैत्रीण असते. तिला आम्ही जिराफ म्हणतो. ती पाठदुखीच्या गोळ्या घ्यायची. आधी दुखलं की, मग ताण आला की, पुढे उगाचच. मलाही म्हणाली, “घे गं, सगळं हलकं वाटतं.” मी घेणारच होते.

मागच्या महिन्यात चादर सरकवताना तिला गुंगी आली आणि हात गरम रोलरकडे गेला. आमच्या मुकादमबाईंनी धावत येऊन मशीन बंद केलं, म्हणून हात वाचला. आम्हाला वाटलं, गेली हिची नोकरी! पण बाई तिच्याजवळ बसल्या, गोळ्यांचं सगळं विचारून घेतलं. “एकटीच सोसत बसलीस? मला सांगायचंस ना.” ती हमसून हमसून रडली. बाईंनीच तिला डॉक्टरांकडे नेलं.

मग मीही धीर करून बाईंना पाठीचं सांगितलं. आता आम्ही आळीपाळीने बसून घड्या घालतो. बाईंचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

जिराफचे उपचार चालू आहेत. गोळ्यांपायी तिची भूकच मेली होती, अजून कधीकधी हात थरथरतात तिचे. पण काल तिने स्वतःचा डबा संपवला आणि माझाही अर्धा फस्त केला. मी अर्धपोटी उठले गं आई, पण इतकं समाधान कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तुझ्या कुशीची आठवण काढणारी,
धाकटी