तराफा माझ्याविना गेला

मेडशी, १४ ऑक्टोबर १९७४

आज बायका-पोरींना रिकाम्या डब्यांच्या तराफ्यावरून नदीतून ओढ्याच्या तोंडापर्यंत न्यायचं होतं. माती कुठून वाहून येते ते पाहायचं, तिथे झाडं लावायची. तराफा वल्हवायला मीच शिकवलं, आणि सकाळीच पाळी आली. मी पडवीत, बाजूला.

"नदीले विटाळ चालत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"अन् गावाची घाण चालते काय, आजी?" बौद्धवाड्यातली कमल अंगणातून म्हणाली. "आमच्यात नाही पाळत हे. चला ताई, साऱ्याजणी थांबून राह्यल्या."

सासूबाई रागानं आत गेल्या. फाटक उघडं होतं. मग मला कोण अडवत होतं? फाटक तर उघडंच होतं.

कमल वाट पाहून निघाली. थोड्या वेळानं नदीकडून बायकांचं हसणं आलं. वाटलं, एकीनं तरी विचारावं, ताई कुठं आहेत.